धाकट्याचा डेमो

दुपारची जेवणं आटोपली, की आई टीव्हीसमोरच्या खुर्चीत येऊन बसायची, पाय वर घ्यायची आणि म्हणायची, "लाव रे त्याला."

त्याला म्हणजे धाकट्याला. धाकटा जाऊन इतकी वर्षं झाली होती, की त्याच्या बरोबरीची मुलं आता नातवंडं खेळवू लागली होती. तरी या घरात त्याला रोज दुपारी लावायचे. मोठा टेपरेकॉर्डरची वायर जुन्या घरगुती कॉम्प्युटरला जोडायचा, कॉम्प्युटरची टीव्हीला, आणि कॅसेट टाकायचा. खेळ यंत्रात उतरेपर्यंत कॅसेट नुसती किंचाळत राहायची. स्वयंपाकघरातून बायको ओरडायची, "आली का माझी सवत?"

"आली," मोठा म्हणायचा.

"तिला म्हणावं, जरा हळू रड. शेजारी झोपलेत."

किंचाळणं थांबलं की पडद्यावर नाव उमटायचं, 'काळी खिंड'. खाली लिहिलेलं असायचं, 'खेळण्यासाठी कोणतंही बटण दाबा'. इथे कोणी काही दाबत नसे. तिघंही गप्प बसून राहायची. जरा वेळ वाट पाहून यंत्र आपणहून खेळायला लागायचं. एक छोटं पांढरं यान खिंडीत शिरायचं, समोरून खडक यायचे, वरून शत्रूची यानं उतरायची, पांढरं यान गोळ्या झाडत त्यांच्यामधून वळणं घेत जायचं. दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने भुलावं म्हणून खेळांना असा एक डेमो लावलेला असे. बहुतेक खेळांत तो यंत्रच खेळे. 'काळी खिंड'मध्ये मात्र धाकटा खेळत होता.

त्याचं असं, की त्या यंत्रात हलतं चित्र साठवायला जागाच नव्हती. म्हणून मोठ्याने नुसते हात साठवले होते. कुठलं बटण केव्हा दाबलं, केव्हा सोडलं, एवढंच. खिंडीतले खडक दर वेळी त्याच क्रमाने येत. तीच बटणं त्याच वेळी दाबली गेली की यान त्याच वाटेने जाई. धाकट्याने एका सकाळी मागच्या खोलीत बसून जे बोटांनी केलं होतं, ते यंत्र पुन्हा पुन्हा करत असे.

घरात त्याचा फोटो लावलेला नव्हता. कोणीतरी एकदा आईला तसं विचारलंही. ती म्हणाली, "फोटोत तो हलत नाही."

मागची खोली म्हणजे पूर्वी अडगळीची जागा. दोघा भावांनी ती झाडून तिथे टेबल टाकलं होतं. मोठा प्रोग्रॅम लिहायचा. धाकटा चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून यानं, खडक, स्फोट काढायचा. खेळायला मात्र मोठा अगदीच ढ. आपणच रचलेल्या खिंडीत तो तिसऱ्या खडकावर आपटायचा, आणि धाकटा पोट धरून हसायचा. "दादा, तू लिही. चालवायचं माझ्यावर सोड."

खिंडीच्या शेवटी एक दगडी दार होतं. दोन कड्यांमधली फट यानाहून अंमळ अरुंद होती. खरं तर तिथून जाताच येऊ नये. पण मोठ्याची बेरीज कुठेतरी चुकली होती, आणि यानाच्या उजव्या पंखाचं टोक दगडाला लागलं तरी यंत्राला ते कळत नसे. धाकट्याने ते पहिल्याच दिवशी हेरलं. तो वेग कमी न करता यायचा, उजवा पंख खुशाल दगडात घालायचा आणि पलीकडे निघायचा. पलीकडे मोकळं आकाश. तिथे पोहोचला की यान वर-खाली, वर-खाली असं दोनदा हलवायचा. त्याने खेळात काहीच मिळायचं नाही. नुसता आनंद.

"अरे, पंख दगडातून आरपार जातोय!" मोठा कपाळाला हात लावून म्हणाला.

"जाऊ दे ना. एवढी सवलत दगडाने द्यावी माणसाला."

"लोक हसतील."

"हसायलाच तर खेळ घेतात, दादा."

डेमोसाठी हात साठवले त्या सकाळी आई चहा घेऊन दारात उभी होती. यान दारातून सुटून वर-खाली हललं तशी ती म्हणाली, "बघ, मान डोलावतोय." धाकट्याने पडद्यावरची नजर न काढता खरोखरच मान डोलावली. कॅसेटच्या प्रती ओळखीच्या दोनचार दुकानांत गेल्या. नंतर पंख दुरुस्त करू, असं मोठ्याने ठरवलं. पण नंतर धाकटा आजारी पडला, दवाखान्यात गेला, आणि परत आला नाही. मागच्या खोलीला कुलूप लागलं.

खेळ मात्र चालला. एका कंपनीने तो विकत घेतला, रंगीत वेष्टनात घालून जिकडेतिकडे पोचवला. कंपनीला सुरुवातीला आपलं फिरतं बोधचिन्ह दाखवायचं होतं. यंत्रात जागा अपुरी, तेव्हा डेमो काढून टाकला. मोठा तेव्हा काही बोलला नाही. बोलण्याच्या मनःस्थितीतच नव्हता. एका मासिकात खेळाचं पानभर कौतुक छापून आलं, आणि शेवटी एक ओळ होती: 'पंख दगडातून जातो, लेखकाला कोणीतरी बेरीज शिकवा.' ते पानभर कौतुक मोठा विसरून गेला. ती ओळ त्याला कुसळासारखी रुतून बसली.

कंपनीने दुसरा भाग मागितला. तो मोठ्याने एकट्याने लिहिला. यानं बेतास बात निघाली, कारण काढणारा हात नव्हता. पण पंख असा चोख, की केसभर इकडेतिकडे नाही. त्या भागाला कोणी नावं ठेवली नाहीत आणि कोणी तो खेळलंही नाही. तिसरा भाग कंपनीने परस्पर काढला. त्यात यानाच्या जागी बंदूक घेतलेला शिपाई होता आणि खिंडीच्या जागी कसलंसं गोदाम. नाव तेवढं 'काळी खिंड'. पुढे फोनवरचा अवतार आला. दर दोन खडकांनंतर जाहिरात. बायकोने एकदा खेळून पाहिला आणि फोन परत देत म्हणाली, "खिंडीतून सुटता येतं एक वेळ. जाहिरातीतून कसं सुटायचं?"

दर नव्या अवताराला मोठ्याने कंपनीत फोन करून एकच गोष्ट विचारली होती. जुना डेमो घालाल का?

"आता डेमो कोण बघतं हो?" तिकडून कोणीतरी म्हणालं.

"माझी आई बघते."

पलीकडचा माणूस मनापासून हसला. त्याला विनोद आवडला होता.

खेळ लिहिणं मोठ्याने सोडून दिलं, आणि तो वजनकाटे दुरुस्त करायला लागला. दुकानोदुकानी जायचं, काटा उलटा करायचा, धूळ झाडायची, पारड्यात ठरावीक वजन ठेवून आकडा जुळवायचा. दुकानदार त्याला 'काटेवाले' म्हणत. जरासा फरक असला तरी त्याला राहवत नसे. भाजीवाला म्हणायचा, "काटेवाले, एवढंसं राहू द्या की, काय बिघडतं?" मोठा ऐकायचा नाही. आकडा बरोबर येईपर्यंत उठायचा नाही.

आणि रोज दुपारी घरी येऊन धाकट्याला लावायचा. आधी कॅसेट चिरकायला लागली. एकदा लावून भागेना, दोनदा, चारदा लावावी लागायची. मग एक दिवस यंत्रानेच मान टाकली. पडदा काळा. आतला जो भाग गेला होता, तो आता कुठेच बनत नव्हता. मोठ्याने जुन्या बाजारात शोधलं, ओळखीपाळखीत विचारलं. आई काळ्या पडद्यासमोर बसून राहिली.

"काय रे, आज नाही?"

"बिघडलंय, आई."

"मग तू काय करतोस दिवसभर? लोकांचं दुरुस्त करतोस ना?"

त्यानंतर ती रोज तिथे येऊन बसायची, पण विचारायची नाही. कधी खुर्चीतच डोळा लागायचा. तिची दृष्टी अधू होत चालली होती, पाय सुजायचे. डॉक्टर तपासून झाल्यावर मोठ्याला बाहेर बोलावून हळू आवाजात बोलायचे. मोठा मान हलवायचा आणि औषधं घेऊन यायचा. आईने जाण्याआधी एकदा, निदान एकदा, त्याला खेळताना पाहावं, एवढंच आता त्याच्या मनात उरलं होतं.

अशात कंपनीतून एका मुलीचा फोन आला. पहिली 'काळी खिंड' पुन्हा निघणार होती, टीव्हीला जोडायच्या नव्या यंत्रांवर, जशीच्या तशी. जुन्या प्रोग्रॅममधलं काही अडलं तर विचारायला तिला मोठा हवा होता. ती त्याला पहिल्याच वाक्यात 'काका' म्हणाली.

"काका, मी लहानपणी मामाकडे हा खेळ खेळलेय. दगडी दारातून मला कधीच जाता आलं नाही."

मोठ्याला फार बरं वाटलं. ते आठवडाभर रोज बोलत होते. शेवटी तिने विचारलं, "तुम्हाला स्वतःला काही बदलावंसं वाटतं का? एखादी राहून गेलेली चूक?"

त्याने क्षणाचाही विचार केला नाही. ते कुसळ इतकी वर्षं रुतलेलं होतं. "पंख," तो म्हणाला. "उजवा पंख दगडातून जातो. आणि दार डाव्या बाजूने थोडं रुंद करा, म्हणजे माणसाला नीट, मधोमध जाता येईल."

"झालंच समजा," ती म्हणाली.

डेमोचं त्याने त्या वेळी काढलंच नाही. कंपनीकडच्या प्रतीत तो नव्हता, घरची कॅसेटही चिरकून जवळजवळ संपली होती. बोलण्यात अर्थ काय? बऱ्याच महिन्यांनी सहज बोलता बोलता त्याने तिला धाकट्याबद्दल सांगितलं. मग ती म्हणाली, "कॅसेट पाठवा."

तिने ती कुठल्याशा जाणत्या माणसाकडे नेली. त्याने कॅसेटमधली जुनी पट्टी हलकी ऊब देऊन एकदाच वाचली. वाचता वाचताच तिच्यावरचा थर सुटला आणि कॅसेट कायमची मुकी झाली. खेळाचा बराचसा भाग आधीच पुसून गेला होता. पण हात, ते दाबल्या-सोडल्या बटणांचे आकडे, तेवढे नशिबाने शाबूत निघाले.

"काका, मिळाला!" मुलगी फोनवर अक्षरशः ओरडली. "नव्या खेळात बसवलाय. चालतोय! तुम्हाला व्हिडिओ पाठवते."

व्हिडिओ आला. मोठ्याने तो उघडला नाही. आईच्या आधी आपण एकट्याने, एवढ्याशा फोनवर त्याला पाहावं, हे त्याला चोरी केल्यासारखं वाटलं. बायको म्हणाली, "अहो, बघून तरी घ्या." तो म्हणाला, "सगळी मिळून बघू." चार पैसे जोडून टीव्हीला लावायचं नवं यंत्र घरी आणलं आणि खेळ बाजारात येण्याची वाट पाहत राहिला. त्या दिवसांत तो काट्यांची कामंसुद्धा शीळ घालत करायचा. भाजीवाल्याने विचारलं, "काय काटेवाले, लग्न निघालं की काय कोणाचं?"

"भाऊ येतोय," मोठ्याच्या तोंडून गेलं.

खेळ आला त्या दुपारी बायकोने आईचे केस विंचरले, चष्मा पुसून दिला. या यंत्राला कॅसेट नव्हती, किंचाळणंही नव्हतं. "सवत फारच सभ्य झाली," बायको म्हणाली. नाव उमटलं. कोणी काही दाबलं नाही. आईने पाय वर घेतले.

यान खिंडीत शिरलं.

"तोच," आई लगेच म्हणाली. "तो बघ कसा खालून येतो. बाकीचे वरून जातील, हा खालून."

तोच होता. तेच वळण, त्याच दोन गोळ्या वाया घालवून तिसरी अचूक. पंखाचं टोक तिथवर कुठल्या दगडाला लागतच नव्हतं. बायकोने पदर डोळ्याला लावला. मोठा आईच्या खुर्चीमागे उभा होता, तिच्या खांद्यावर हात ठेवून. दगडी दार दिसायला लागलं, आता चांगलं ऐसपैस, आणि त्याच क्षणी मोठा खुर्चीमागून एक पाऊल पुढे आला.

कारण यान वेग कमी न करता आलं, पण मधोमध आलं नाही. ते नेहमीसारखं उजव्या कडेने आलं, पंख दगडात घालून निघायला. दार रुंद आहे हे त्या हातांना कुठे ठाऊक होतं? उजवा कडा होता तिथेच होता, आणि दगडाने या वेळी पंख अडवला. यान फुटलं. नव्या खेळात स्फोट फार सुंदर केले होते. तुकडे हळूहळू पसरत गेले.

हात मात्र थांबले नाहीत. खिंडीच्या तोंडाशी दुसरं यान उगवलं, रिकाम्या आकाशात, अजून एकही खडक आलेला नसताना. आणि ते वर-खाली, वर-खाली दोनदा हललं.

त्यानंतर मूळ डेमोत धाकटा मोकळ्या आकाशात नुसता तरंगायचा, बोटं सैल सोडून. आता समोर पहिला खडक आला. सैल हातांचं यान सरळ जाऊन त्याच्यावर आदळलं. तिसरं उगवलं, तेही तसंच गेलं. मग नाव उमटलं, 'काळी खिंड'.

"हात चुकला आज त्याचा," आई म्हणाली.

मोठ्याने मुलीला फोन लावला. ती हादरलीच. "पण काका, डेमोत शेवटी यान मरतंच ना? सगळ्या खेळांत मरतं. मला वाटलं, तसंच असणार."

"हो. तुला काय माहीत." मग त्याने विचारलं, "ते परत चुकीचं करता येईल का?"

"एका ओळीचं काम आहे." तिचा आवाज बारीक झाला. "पण माझं तिथलं काम संपलं, काका. खेळ निघाला आणि आमचा गटच मोडला. लॅपटॉपसुद्धा परत दिला मी. मी लिहिते त्यांना, लगेच लिहिते."

तिने लिहिलं. उत्तरही आलं, आणि तिने ते तसंच पुढे पाठवलं. पंखाची दुरुस्ती खेळणाऱ्यांना फार आवडली आहे, तिला हात लावता येणार नाही. त्याच सुमारास एका समीक्षकाने लिहिलं, 'अखेर लेखक बेरीज शिकला.' मोठ्याने ते एकदा वाचलं. ही ओळ वाचायला त्याने अर्धं आयुष्य घालवलं होतं.

आईने दुसऱ्या दिवशीही सांगितलं, "लाव रे त्याला." तिसऱ्या दिवशीही. यान फुटायचं त्या जागी ती खुर्चीचा हात घट्ट धरायची. कदाचित आज निघेल, असं तिला वाटत असावं. तिला आकडे, बटणं ठाऊक नव्हती. मोठ्याने समजावून सांगितलं, अगदी पहिल्यापासून. पंख दुरुस्त करायला आपणच सांगितलं, तेही सांगितलं.

आई ऐकत राहिली. "त्याने सांगितलं होतं ना तुला, राहू दे म्हणून?"

"हो."

"मग?"

आई काठी टेकत उठली. "बंद कर ते. माझ्यासमोर रोज किती वेळा मारशील त्याला?"

तिने आपली खुर्ची स्वयंपाकघराच्या खिडकीशी हलवून घेतली, टीव्हीकडे पाठ होईल अशी. बायकोने सवतीचा विनोदही सोडून दिला.

मग एका दुपारी यंत्र चालू केल्यावर पडद्यावर सूचना आली. खेळाची नवी आवृत्ती तयार आहे, आता बसवायची का? खाली बदल दिले होते. रंग सुधारले, आवाज सुधारला. 'सुरुवातीचा डेमो चमत्कारिक खेळतो अशा तक्रारी आल्याने तो काढून त्या जागी कंपनीच्या इतर खेळांची झलक घातली आहे.' खाली दोन पर्याय. 'आता' आणि 'नंतर'. 'नको' असा पर्याय नव्हता.

मोठा उठला, इंटरनेटची वायर यंत्रातून ओढून काढली आणि गुंडाळून कपाटात ठेवली. आवाज पूर्ण बंद केला. खाली बसला. कोणतंही बटण दाबलं नाही.

यान खिंडीत शिरलं, खालून आलं, दोन गोळ्या वाया घालवल्या. दगडावर फुटलं. रिकाम्या आकाशात दुसऱ्याने दोनदा मान डोलावली.

"झालं का रे?" आतून, पाठमोऱ्या खुर्चीतून आईने विचारलं.

दुसरं यान खडकाकडे सरळ चाललं होतं.

"नाही अजून," मोठा म्हणाला. "हात चालू आहेत त्याचे."